आईच्या व्हीलचेअरचा ब्रेक धरत नाही, चेअर डावीकडं ओढते. नवीन घ्यायची का हीच दुरुस्त होईल?

हळदीबाजार (सांगली)

नमस्कार मंडळी, थोडं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

माझी आई ६८ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन डावी बाजू गेली, आता धरून चार पावलं टाकते पण बाकी सगळं व्हीलचेअरवरच. चेअर साधी, घडीची, क्रोमवाली. मागची मोठी चाकं हवेच्या टायरची आणि पुढची छोटी भरीव. मिरजेतल्या एका सर्जिकल दुकानातनं घेतली त्याला दोन वर्षं झाली. ह्या दोन वर्षांत फडकं मारण्यापलीकडं आम्ही तिला काही केलेलं नाही हे आधीच कबूल करते.

आता महिनाभरात एकेक सुरू झालंय. सरळ ढकलली तरी डावीकडं ओढते, माझी मनगटं भरून येतात. पुढचं एक चाक फरशीवर थरथरतं, भाजीच्या हातगाड्याचं थरथरतं ना तसं. कुईकुई आवाज येतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ब्रेक. आमचं घर आधी गावभागात होतं, २०१९ च्या पुरानंतर विश्रामबागला भाड्यानं आलो, इथं घरमालकांनी दाराला सिमेंटचा उतार करून दिलाय. परवा संकष्टीला गणपतीला निघालो होतो, उतारावर चेअर उभी केली, दोन्ही ब्रेक लावले, कुलूप लावायला वळले आणि चेअर आपली हळूहळू निघाली की खाली! दोनच फूट गेली, शेजारच्या काकांनी धरली, आई तर हसत होती, पण माझ्या पायातलं बळच गेलं. त्या दिवशी देवाला घरातनंच हात जोडले.

दुकानात विचारलं तर म्हणाले ब्रेक गेलेत, ह्याचे पार्ट येत नाहीत, नवीनच घ्या. भावानं ब्रेकचे स्क्रू सोडून ब्रेक पुढं सरकवला, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. मी चाकांत खोबरेल तेल सोडलं, आवाज गेला आणि आता आधीपेक्षा जास्त येतोय.

खरंच नवीन घ्यायची का? आणि चेअरची देखभाल म्हणून नेमकं काय करायचं असतं, किती दिवसांनी? स्कूटीची सर्व्हिसिंग आमच्याकडं वेळेवर होते, आणि जिच्यावर आई दिवसाचे आठ तास बसते तिचं आजवर कुणी काही सांगितलंच नाही.

भडंगभक्त (सांगली)

डब्ल्यूडी-४० चा स्प्रे आणा, सगळीकडं फुसफुस मारा, विषय कट. आमच्या गेटचा दहा वर्षांचा आवाज एका मिनटात गेला.

चाकावरचा_सातारकर (सातारा)

ताई, नवीन चेअरचं आधी डोक्यातनं काढा. आणि गेटवाल्या भावाचं ऐकू नका, त्याच्याकडं नंतर येतो.

मी स्वतः चौदा वर्षं चेअरवर आहे. आंब्याच्या झाडावरनं पडलो, मणका गेला, कमरेखाली काही नाही. त्यामुळं चेअरमध्ये काय बिघडलंय हे मला आता आवाजावरनं कळतं, बायको म्हणते माझं दुखलेलं तुम्हाला कळत नाही पण चेअरचं कळतं.

ब्रेकचं सांगतो. आपल्या चेअरचा ब्रेक सायकलसारखा रिमला धरत नाही. तो लोखंडी दांडा सरळ टायरच्या रबरावर दाबला जातो, बस्स, एवढंच त्याचं तंत्र. टायरमधली हवा कमी झाली की टायर बसतो, दांडा तिथपर्यंत पोचतो पण दाबत नाही, म्हणजे ब्रेक लावल्यासारखा दिसतो आणि धरत काहीच नाही. भावानं ब्रेक पुढं सरकवला म्हणून दोन दिवस धरला, हवा अजून उतरली की परत सुटला. आता त्यात गोम अशी आहे की ब्रेक असा पुढं असतानाच तुम्ही हवा फुल्ल भरली तर लीव्हर बसणारच नाही, आणि जोर लावून बसवला तर वाकेल. म्हणून आधी ब्रेक मागं घ्या, मग हवा भरा, मग ब्रेक हळूहळू पुढं आणा. लावल्यावर टायर दांड्याखाली थोडा दबलेला डोळ्यांनी दिसला पाहिजे. मग रिकामी चेअर ढकलून बघायची, चाक फिरता कामा नये, फरशीवर नुसतं घासत गेलं तर ब्रेक बरोबर.

आत्ता उठा आणि दोन्ही टायर अंगठ्यानं दाबून बघा. माझी पैज, डावा मऊ निघणार. ज्या बाजूला हवा कमी तिकडं चेअर ओढते. हवा किती भरायची ते टायरच्या कडेला उठावाच्या अक्षरात पीएसआयमध्ये लिहिलेलं असतं, कुणावर ४५ कुणावर ७५, जे असेल तेवढी. पेट्रोल पंपावर भरू नका, तिथली हवा धाडकन जाते आणि ही ट्यूब बारीक असते, एकदा माझी फुटलीय. हातपंपच बरा.

आता थरथर आणि कुईकुई. पुढचं छोटं चाक जिथं आसाला लागतं तिथं बॅटरी मारून बघा. केस, दोरे, गोधडीच्या चिंध्या, झाडूच्या काड्या सगळं तिथं गुंडाळलेलं सापडेल. ह्याचा पीळ बसत बसत दोरखंड होतो, तो बेअरिंगच्या तोंडाशी ओल धरून बसतो आणि बेअरिंग गंजतं. ब्लेडनं जपून कापायचं, चिमट्यानं ओढायचं. नाही निघालं तर आसाचा बोल्ट काढून चाकच बाहेर घ्यायचं, पण काढताना वायसर कुठल्या बाजूला कुठला होता त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मी नव्हता काढला, एक वायसर उरला, अजून घरात आहे.

तेल. खोबरेल थंडीत गोठतं हे सातारकराला सांगायला नको, पण गोठलं नाही तरी त्याच्यावर धूळ बसून चिखल होतो, तुमचा आवाज वाढला तो त्यामुळं. आणि भावा भडंगभक्ता, डब्ल्यूडी-४० वाईट नाही, गंजलेला नट सोडवायला एक नंबर. पण बेअरिंगमध्ये कंपनीनं भरलेलं ग्रीस असतं, ते हा फवारा धुऊन काढतो. दोन दिवस गुळगुळीत आणि महिन्यानं बेअरिंग कोरडं ठाक. सीलबंद बेअरिंगला बाहेरून काहीच घालायचं नसतं. खराब झालं की बदलायचं.

माझं स्वतःचं म्हणाल तर रविवारी चहा झाला की पलंगावर बसून चेअर समोर ओढून घेतो. हवा, ब्रेक, पुढच्या चाकांचे केस, हाताच्या रिंगवर कुठं टोक निघालंय का. रिंगवरनं हात घसरताना बारीक टोकानं पण तळवा फाटतो, पॉलिश पेपर फिरवला की जातं. दहा पंधरा मिनटं. नट-बोल्ट महिन्यातनं एकदा. पुसायला साबणाच्या पाण्यातलं पिळलेलं फडकं आणि लगेच कोरडं फडकं, थिनर पेट्रोल नको. आणि चेअर उन्हात वाळत घालू नका, टायरला आणि रेक्झिनला भेगा पडतात.

राहिला उतार. हे ब्रेक फक्त उभ्या चेअरसाठी असतात, चालत्या चेअरला वेग कमी करायला ते लावायचे नाहीत आणि उतारावर ब्रेकच्या भरवशावर माणूस सोडून तर अजिबात वळायचं नाही, ब्रेक नवा असला तरी. आधी कुलूप, मग चेअर बाहेर. खाली नेताना तुम्ही पुढं उताराकडं पाठ करून, चेअर उलटी, म्हणजे आईचं तोंड घराकडं. वजन तुमच्या अंगावर येतं पण आई पुढं सांडत नाही. आणि उतार केवढा आहे ते मोजा एकदा. उंचीच्या बारापट लांबी असा नियम आहे, म्हणजे जोतं दीड फूट असेल तर अठरा फूट उतार. आपल्याकडं गवंडी चार फुटात उरकतात आणि वर म्हणतात मोटरसायकल चढती की.

हळदीबाजार (सांगली)

दादा पैज जिंकलात. डावा टायर अंगठ्यानं आत जातोय, उजवा बऱ्यापैकी घट्ट. दोन वर्षांत एकदाही हवा भरली नव्हती, लिहितानाच लाज वाटतेय.

आणि पुढच्या चाकातनं चिमट्यानं जे काढलं ते मी कागदावर मांडून ठेवलं, वेणी घालता येईल एवढं. सगळे माझे केस! मी तीन महिने केसगळतीवर तेलं बदलतेय आणि गळलेले सगळे इथं जमा होत होते.

पण घरच्या पंपाचं तोंड वॉलपर्यंत जाईना, तारांच्या मध्ये अडकतंय. आणि उतार मोजला, जोतं सव्वा फूट आणि उतार साडेपाच फूट. घरमालकांना सांगायचं कसं हा वेगळा धागा काढावा लागेल.

भडंगभक्त (सांगली)

बरं बाबा, गेट वेगळं चेअर वेगळी, कळलं. मग गाड्या धुतात तिथं नेऊन प्रेशरच्या पाण्यानं एकदा मारून आणली तर? घाण तरी निघंल.

पाना_पक्कड (मिरज)

न्हाई न्हाई, प्रेशरचं पाणी लावू नगा, त्या पाण्यानं बेअरिंगच्या सीलातनं आत माती घुसती आणि पोकळ पायपात पाणी साठून आतनं गंज लागतो, वरनं क्रोम चकाचक आणि आतनं पापड. पुराच्या टायमाला हे लै बघितलंय.

आमचं मिरजेत सायकलचं दुकान हाय, वडलांच्या काळापासनं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळं व्हीलचेअरी पण येत्यात दुकानात. येताना लोक बिचारे कसनुसं तोंड करून येत्यात, ह्याचं काम करता का हो म्हणून. अवो दोन चाकं हैत, टायर हाय, ट्यूब हाय, तारा हैत, सायकलीपेक्षा न्यारं काय हाय त्यात. ताई तुमच्या गावात बी कुठल्याबी जुन्या सायकलवाल्याकडं न्या, नवीन भारी शोरूमवाल्याकडं नगो, पंक्चर काढणाऱ्याकडं. पंपाचं तोंड जात नसंल तर त्येच्याकडं नळीवाला पंप असतोय, आटं लावून बसवायचा. वॉल जर सायकलीचा साधा असंल तर त्यातली वॉलट्यूब, म्हंजे रबराची बारीक नळी, दोन वर्षात वाळून गेली असणार, हवा तिथनंच जाती आणि लोक पंक्चर हुडकत बसत्यात. नवीन वॉलट्यूब घालून बघा आधी, चार-पाच रुपयाचं काम.

टायर बदलायची पाळी आली तर नुसतं चोवीस इंची द्या म्हणू नगा. चोवीस इंचीत दोन-तीन माप हैत आणि एकाचा दुसऱ्याला बसत न्हाई. टायरच्या कडंला दोन आकडे असत्यात, बहुतेक चेअरींवर ३७-५४० असतंय, म्हणजे चोवीस गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांश. लहान पोरांच्या जाड टायरच्या चोवीस इंची सायकलचा ५०७ असतोय, तो लहान पडतो, रिमवर चढतच न्हाई. जुना टायर संगं घिऊन जायचा म्हंजे भांडण न्हाई.

तारा तपासायची आमची पद्धत सांगतो. चाक अधांतरी धरायचं आणि एकेक तार बोटानं छेडायची. ताणलेली टणकन वाजती, ढिली भद्द वाजती. मिरजेत सतारीच्या तारा लावणारे येगळे आणि चाकाच्या तारा लावणारे आम्ही येगळे, पण कान दोघांलाबी लागतोय. एक तार ढिली ऱ्हायली की शेजारच्या तुटत्यात आणि चाक औट होतंय, म्हंजे फिरताना डुलतंय. औट काढायला अर्धा तास लागतो, घरी निप्पल फिरवत बसू नगा, हौसेनं आठाचा आकडा करून आणत्यात लोक.

पुढच्या चाकाची थरथर केस काढून बी ऱ्हायली तर दोन गोष्टी. एक, चाकातली बेअरिंग. लै चेअरींत ६०८ नंबर असतंय, मधलं भोक ८ मिलीमीटर, बाहेरनं २२, स्केटिंगच्या बुटाला असतंय तेच. पण आधी काढून त्येच्यावरचा नंबर वाचा, काहींत मोठी असत्यात. बेअरिंग बोटात धरून फिरवा, खरखर लागली की टाकून द्या, धुवत बसू नगा. दोन, चाकाचा चिमटा, म्हंजे चाक धरणारा फाटा, ज्या उभ्या खिळ्यावर फिरतो त्यो. वर प्लास्टिकची टोपी असती ती काढली की नट दिसतो. तो लै आवळला की चेअर वळताना जड जाती, ढिला ऱ्हायला की चाक थरथरतं. बरोबर किती, ते असं बघायचं. रिकामी चेअर पाठीवर आडवी झोपवा, पुढची दोन्ही चाकं हातानं वरच्या बाजूला फिरवून एकदम सोडा. खाली पडून एकदाच थोडं पलीकडं जाऊन चाक गप उभं ऱ्हायलं पायजे. घड्याळाच्या लंबकावाणी झुलत बसलं तर नट ढिला, मधीच अडकलं तर घट्ट. पाव-पाव फेरा फिरवून दोन्ही बाजू सारख्या करायच्या.

नायलॉक नट, म्हंजे ज्याच्यात निळं-पांढरं नायलॉनचं कडं असतंय तो, तीन-चार बारी काढला की कडं मरतं आणि नट आपोआप सुटायला लागतो. नवीन घाला, किती रुपयाचा असतोय.

आणि एक शेवटचं, हे इसरू नगा. सीटखाली फुलीसारखे दोन पाइप असत्यात, त्याचं वेल्डिंग आणि पुढच्या चाकाच्या नळीजवळचं वेल्डिंग बारकाईनं बघा. केसाएवढी रेघ दिसली, रंग फुटलेला दिसला, गंजाची बारीक लकेर दिसली तर माणूस बसवू नगा. लोखंडी असंल तर चांगला वेल्डर जोडून देतो, पण अॅल्युमिनियमच्या चेअरीला नाक्यावरच्या वेल्डरकडं नेऊ नगा, उष्णतेनं शेजारचा पाइप मऊ पडतो आणि परत तिथंच मोडतो.

बॅटरीवाला_कराडकर (कराड)

इलेक्ट्रिक चेअरवाले कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडक्यात. चेअर पाण्यात बुडाली असेल तर वाळल्यासारखी वाटली तरी चार्जर लावू नका, २०२१ ला आमच्या ओळखीत एकांनी लावला आणि कंट्रोलर जळाला, त्या जागी आग पण लागू शकली असती. लेड अॅसिडच्या बॅटऱ्या असतील, बहुतेक १२ व्होल्टच्या दोन, तर रोज रात्री चार्जिंगला लावा, पूर्ण उतरू देऊ नका आणि महिनाभर चेअर वापरणार नसला तरी चार्ज करूनच ठेवा. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्या की त्या कायमच्या जातात. पावसात जॉयस्टिकवर प्लास्टिकची पिशवी.

आणि मोटर सोडवून हातानं ढकलायचा जो लीव्हर असतो तो उतारावर कधीच फिरवायचा नाही. तो सोडला की मोटरचा ब्रेक पण सुटतो, शंभर किलोची चेअर हातानं थांबत नसते.

सूनबाई_डबलड्यूटी (तासगाव)

सगळे चाकांच्या मागं लागलेत, मी बसण्याचं बोलते. ताई, सीटकडं बघितलंत का?

माझे सासरे नऊ वर्षं चेअरवर, त्यांची पण एकच बाजू गेलेली म्हणून सांगते. ह्या घडीच्या चेअरचं सीट म्हणजे दोन पाइपांच्या मध्ये ताणलेलं रेक्झिन. वर्ष-दीड वर्षात त्याची झोळी होते. झोळीत बसलं की मांड्या आत येतात, कंबर एका बाजूला कलते, आणि ज्यांची एक बाजू आधीच कमजोर ते त्या बाजूला जास्तच झुकतात. तुमची आई डावीकडं झुकून बसते का बघा बरं. सगळं वजन डाव्या चाकावर गेलं तर दोन्हीत हवा सारखी भरून पण चेअर डावीकडं ओढणार. आमच्याकडं चार महिने चाक दुरुस्त करत होतो आणि चाकाला काही झालंच नव्हतं.

कसं ओळखायचं तर रिकाम्या चेअरच्या सीटवर आडवी पट्टी ठेवायची, मधे खाली दोन बोटांपेक्षा जास्त फट राहिली तर झोळी झाली समजा. रिक्षाची, मोटरसायकलची सीटं शिवणारे असतात त्यांच्याकडनं आम्ही नवीन करून घेतलं, आत जाड कॅनव्हास घालायला सांगितला. तोपर्यंत मापाची प्लायवूडची फळी, कडा गोल घासून, रेक्झिनवर ठेवायची आणि तिच्यावर गादी. नुसत्या फळीवर बसवायचं नाही हं! आणि फळीगादीनं उंची वाढते म्हणून पाय ठेवायच्या पट्ट्या तेवढ्या वर घ्याव्या लागतात, नाहीतर पाय लोंबकळतात.

गादी तपासायची साधी रीत, आई बसलेली असताना गादीच्या खाली तळहात वर करून हात सरकवायचा. बसायचं हाड हाताला टोचलं तर ती गादी संपली, कितीही फुगीर दिसू दे. हवेच्या गादीत हाड आणि तळ ह्यात बोटभर हवा हवी, जास्त फुगवली तरी उपयोग नाही, माणूस चेंडूवर बसल्यासारखा डुलतो. आम्ही पहिलं वर्षभर घरातली उशी वापरत होतो, पुढं माकडहाडावर जखम झाली ती भरायला पाच महिने लागले, त्या पाच महिन्यांत सासऱ्यांना कुशीवरच ठेवावं लागलं, मी आणि नवरा आळीपाळीनं रात्री उठायचो दर दोन तासांनी. आता रोज आंघोळीच्या वेळी बघते, लाल किंवा काळपट डाग आणि तो अर्ध्या तासात गेला नाही की त्या दिवशी चेअर बंद आणि डॉक्टरांना फोन.

आणि ह्याच चेअरवर आंघोळ घालत असाल तर ते थांबवा. आंघोळीची प्लास्टिकची वेगळी येते. लघवी सांडली तर लगेच पुसा, तिच्या खारानं गादीखालचे स्क्रू सगळ्यात आधी गंजतात, आमचे दोन तर पाना लावल्यावर डोकंच तुटून हातात आलं.

घडी करताना सीट मधोमध धरून वर ओढायची. उघडताना तळहातानं कडेचे पाइप खाली दाबायचे, बोटं आतल्या बाजूला वळवून ठेवायची, पाइपाखाली गेली की चेमटलीच. माझ्या करंगळीला अजून खूण आहे.

पेन्शनर_काका (सातारा)

ताईसाहेब, दुरुस्ती होत असेल तर उत्तमच. पण पुढेमागे नवीन घ्यायची वेळ आली तर पूर्ण खिशातून खर्च करण्याआधी चौकशी करा. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, ६० वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना व्हीलचेअर, काठी, श्रवणयंत्र अशा वस्तू शिबिरात मोफत मिळतात, त्या कानपूरच्या एलिम्को ह्या सरकारी कंपनीच्या असतात. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची, त्यात ६५ वर्षांवरील व्यक्तीला साहित्यासाठी एकरकमी ३००० रुपये खात्यावर, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत हवे. समाजकल्याण कार्यालयात विचारा. आईंचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, काढले नसेल तर ते मात्र आधी काढा, पुढच्या सगळ्या कामांना लागते.

शिबिरातली चेअर आपल्या मापाची असेलच असे नाही हे मात्र लक्षात ठेवा. माझ्या बहिणीला मिळाली ती तिला इतकी रुंद होती की दोन्ही बाजूला उशा कोंबाव्या लागल्या, आणि घराच्या दारातून ती चेअर जाईना.

हळदीबाजार (सांगली)

बारा दिवसांनी लिहितेय, माफ करा.

पाना_पक्कड दादा, आमच्या जवळच एक म्हातारे सायकलवाले काका निघाले, त्यांच्याकडं नेली. तुम्ही म्हणालात तसंच, पंक्चर नव्हतंच, वॉलट्यूब वाळून तिचे तुकडे झालेले. दोन्ही बदलल्या, हवा भरली, एका चाकाचा औट काढला, पुढच्या एका चाकाची दोन्ही बेअरिंगं घातली. माझ्यासमोर त्यांनी तारा छेडल्या, खरंच कळतं हो, एक तार अगदी भद्द वाजली. सगळे मिळून तीनशे ऐंशी रुपये झाले आणि ते चारशेतले वीस परत देत होते तर मी घेतले नाहीत, मग ते रागावले, मग घेतले. ब्रेक भावानं परत मागं-पुढं करून बसवला, आता लावला की चाक नुसतं घासतं.

तरी पण थोडी डावीकडं ओढतच होती. मग तासगावच्या ताईंचं आठवून सीटवर पट्टी ठेवली. दोन बोटं काय, माझी अख्खी मूठ गेली खाली. आणि आईला समोरून बघितलं, म्हणजे नीट बघितलं, तर डावा खांदा केवढा खाली. आम्हाला वाटायचं झटक्यामुळं ती तशीच बसते. फळी आणि गादी घातल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाली आता टीव्ही सरळ दिसतोय. मी तिला विचारलं मग इतके दिवस बोलली का नाहीस, तर म्हणे मला वाटलं टीव्हीच वाकडा लावलाय तुम्ही.

गादीचा हात घालून पण बघितला, हाड लागलं. नवीन गादी मागवलीय. पाठीला डाग वगैरे काही नाही, देवाची कृपा.

उताराचं घरमालकांशी बोलले. ते पंधरा फूट ऐकून आधी हसले, मग म्हणाले अंगणात एल आकारात वळवून होईल बहुतेक, मधे सपाट जागा ठेवून. दिवाळीनंतर बघू म्हणालेत. तोवर उलटी चेअर, आणि आधी कुलूप.

रविवारची ड्यूटी आईनं स्वतःकडं घेतलीय. पलंगावर बसून उजव्या हाताच्या अंगठ्यानं दोन्ही टायर दाबते, भाकरीचं पीठ दाबून बघावं तसं, आणि स्वयंपाकघरात ओरडते, डावा उतरलाय गं! काल तर शेजारच्या पोराच्या सायकलचा पण दाबून बघितला.

चाकावरचा_सातारकर (सातारा)

काकूंना नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं महिन्यातनं एकदा अंगठ्यावर न जाता पंपाच्या काट्यावर पण बघायचं, माझा अंगठा चौदा वर्षांचा आहे तरी फसतो. आणि पुढच्या चाकातले केस दर रविवारी, केसगळती थांबली तरी.

भडंगभक्त (सांगली)

सगळं वाचलं, लै शिकायला मिळालं. फक्त मी त्या दिवशी जोशात डब्ल्यूडी-४० चे दोन डबे आणून ठेवलेत घरात, त्यांचं काय करू?

पाना_पक्कड (मिरज)

एक डबा हिकडं धाडा, पुराच्या चेअरींचे गंजलेले नट अजून सोडवायलोय. दुसरा तुमच्या गेटला.